पहिले पाचशे मैल

दसऱ्याच्या सुमारास मराठी घरांसमोर नवी वाहने उभी राहतात. हँडलला झेंडूची माळ पडते, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि नारळ फुटतो. खंडेनवमीला शस्त्रांची व अवजारांची पूजा करण्याच्या जुन्या प्रथेचेच हे नवे रूप होय. परंतु यंत्राच्या बाजूने पाहिले, तर त्याची खरी पूजा नारळ फुटल्यानंतर सुरू होते. नव्या मोटारसायकलचे पहिले पाचशे मैल, म्हणजे आजच्या हिशेबाने पहिले आठशे किलोमीटर, हा तिच्या आयुष्यातील संस्कारांचा काळ असतो. या काळात तिला कसे चालवावे, तिचे तेल केव्हा बदलावे, कोणता नट आवळावा आणि कोणत्याला हात लावू नये, हे एके काळी मालक स्वतः जाणत असे आणि स्वतः करीत असे. हे ज्ञान त्याच्या हाती कसे आले आणि कसे निसटत गेले, याची कथा मोठी उद्बोधक आहे.

या कथेचा आरंभ 1885 साली जर्मनीत झाला. श्टुटगार्टजवळच्या कान्श्टाट गावी गॉटलीब डाइमलर आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी एका लाकडी सांगाड्यात लहानसे इंजिन बसवले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डाइमलरांच्या मुलाने ती गाडी शेजारच्या गावापर्यंत चालवत नेली, तेव्हा इंजिनातील तप्त नळीमुळे वरच्या आसनानेच पेट घेतला, असे सांगतात. पुढे 1894 मध्ये म्यूनिक येथे हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी मोटारसायकली तयार करण्यास प्रारंभ केला. त्या काळी स्वार आणि मिस्त्री हे दोन वेगळे इसम नव्हते. वाटेत बिघाड झाला, तर गावचा लोहार हाच काय तो आधार. आणि त्या बिचाऱ्याला घोड्याचा नाल ठाऊक, इंजिन कोठून ठाऊक असणार?

स्वाराला यंत्राशी किती जवळीक ठेवावी लागे, हे वंगणाच्या व्यवस्थेवरून उत्तम कळते. आजच्या इंजिनात तेच तेल पंपाच्या साहाय्याने पुनःपुन्हा फिरत राहते. पहिल्या गाड्यांत तसे नव्हते. स्वाराने चालत्या गाडीवर, दर काही मैलांनी, टाकीजवळचा हातपंप दाबून तेलाचा एक घुटका इंजिनाला पाजावयाचा. ते तेल आपले काम करून अर्धेमुर्धे जळून जाई आणि उरलेले रस्त्यावर ठिबके. घुटका चुकला, तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकावयाचा. जास्त झाला, तर मागे धुराचा लोट उठून प्लग काळा पडावयाचा. म्हणून चढावर एक घुटका अधिक आणि उतारावर एक कमी, हा हिशेब स्वाराच्या अंगवळणी पडलेला असे. इंग्लंडात वेकफील्ड यांच्या कंपनीने 1909 साली एका नव्या तेलास कॅस्ट्रॉल हे नाव दिले, ते त्यात मिसळलेल्या एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून. मराठी घरांत मुलांच्या पोटासाठी ठेवलेले एरंडेल असे इंजिनाच्याही पोटी गेले. कडक उष्णतेतही धातूला चिकटून राहण्याचा त्याचा गुण त्यास कारण झाला. जुन्या बडोदे संस्थानातील मेहसाण्याच्या मुलखात आजही एरंड मुबलक पिकतो.

तेलाचा पंप आपोआप चालू लागल्यावर स्वाराचा एक हात मोकळा झाला. परंतु नव्या गाडीची पहिली निगा मात्र त्याच्याकडेच राहिली. तिचे कारण धातूच्या स्वभावात आहे. कारखान्यातून आलेला सिलिंडर डोळ्याला आरशासारखा दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर डोंगर आणि दऱ्या दिसतात. पिस्टनभोवतीच्या रिंगांचीही तीच गोष्ट. हे दोन पृष्ठभाग प्रथम एकमेकांवर घासतात, तेव्हा उंच टोके झिजतात आणि हळूहळू रिंग सिलिंडरच्या भिंतीला सर्व बाजूंनी टेकू लागते. यालाच इंजिन बसणे किंवा मोकळे होणे म्हणतात. या अवस्थेत गाडी भरधाव हाकली, तर टोके झिजण्याऐवजी तापून एकमेकांना चिकटतात आणि सिलिंडरवर ओरखडे उमटतात. उलटपक्षी गाडी फारच नाजूकपणे, एकाच मंद वेगाने चालवली, तर रिंगांवर पुरेसा दाब येत नाही, त्या नीट बसत नाहीत आणि इंजिन पुढे जन्मभर तेल पीत राहते. म्हणून जुन्या माहितीपुस्तिकांतून पहिल्या पाचशे मैलांसाठी वेगाची मर्यादा घालून देत आणि त्याच वेळी वेग कमीजास्त करीत राहावे, चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रडवू नये, असेही बजावत. विलायतेत या काळात मोटारीच्या मागच्या काचेवर एक चिठ्ठी चिकटवत असत: इंजिन बसत आहे, कृपया पुढे जावे. रस्त्यावरच्या सर्वांना तिचा अर्थ ठाऊक असे.

झिजलेल्या टोकांचा कीस जातो कोठे? तो तेलात उतरतो. पहिले तेल इतक्या लवकर का बदलावयाचे, याचे उत्तर एवढेच आहे. पाचशे मैलांनी काढलेले तेल चिमटीत घेऊन उन्हात धरले, तर त्यात बारीक चांदीसारखी चमक दिसते. ती इंजिनाच्याच अंगची धातू होय. ती तशीच फिरत राहिली, तर मऊ बेअरिंगांत रुतून बसते. इंजिनाप्रमाणेच गाडीचा प्रत्येक अवयव या काळात आपापली जागा घेत असतो. गॅस्किटे दबतात, म्हणून हेडचे नट सैल होतात. क्लचची आणि ब्रेकची तार ताणली जाते. साखळीच्या पिना आपापल्या बुशांत बसतात आणि साखळी लोंबू लागते. चाकांचे आरे ताण सोडतात. नवी गाडी कारखान्यात जोडली जाते खरी, पण ती पूर्ण होते ती रस्त्यावर. आणि त्या पूर्णत्वाचा शेवटचा हात मालकाने द्यावा, अशीच निर्मात्याची अपेक्षा असे. त्यासाठीच तर आसनाखाली किंवा बाजूच्या डब्यात पान्यांची गुंडाळी दिलेली असे.

हे ज्ञान प्रसृत करण्याचे काम दोन गोष्टींनी केले. पहिली गोष्ट छापील कागद. इंग्लंडात 1903 साली निघालेल्या ‘द मोटर सायकल’ या साप्ताहिकाने आणि त्याच धर्तीच्या पत्रांनी व पुस्तकांनी सामान्य माणसाला यंत्र समजावून सांगितले. दुसरी गोष्ट युद्ध. पहिल्या महायुद्धात ट्रायंफ कंपनीची ‘एच’ नावाची सुमारे 30,000 वाहने दोस्त सैन्यांना मिळाली, आणि दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने ‘एम 20’ जातीच्या सव्वा लाखाहून अधिक गाड्या तयार केल्या. चिखलातून निरोप पोहोचवणाऱ्या शिपायाला गाडी चालवण्याइतकीच ती चालू ठेवण्याची विद्या शिकावी लागे. युद्ध संपल्यावर हे शिपाई घरी परतले आणि लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या बाजारात आल्या. गाडी आणि तिला ओळखणारा हात असे दोन्ही एकदमच समाजाला मिळाले. भारतातही पुष्कळ जुन्या फटफटी याच वाटेने नागरी रस्त्यांवर आल्या.

भारतात या विद्येला स्थिर घर मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीने बुलेट हे नाव 1932 मध्येच वापरात आणले होते. सरहद्दीवरील गस्तीसाठी भारतीय सैन्याने 350 सी.सी.ची बुलेट पसंत केली, आणि 1955 साली मद्रास मोटर्सच्या सहकार्याने मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. प्रथम विलायतेहून आलेले भाग जोडले जात. पुढे सर्व गाडी येथेच घडू लागली. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला. पण ओतीव लोखंडी सिलिंडरची ती बुलेट मद्रासमध्ये एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत घडत राहिली. मायभूमीत मालवलेला दिवा परदेशी तेवत राहावा, तशी ही गोष्ट झाली. म्हैसूरला 1961 साली चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा गाडी तयार होऊ लागली. तीच पुढे येझदी झाली. पोलंडच्या नमुन्यावरून फरीदाबादला एस्कॉर्ट्स कंपनीने राजदूत काढली. खेड्यापाड्यांतील दूधवाल्यांपासून शिक्षकांपर्यंत ही वाहने पोहोचली आणि त्यांबरोबर पहिल्या पाचशे मैलांचा विधीही पोहोचला.

तो विधी एखाद्या रविवारी सकाळी अंगणात होत असे. बुलेटचा मालक प्रथम चार-पाच मैलांची फेरी मारून येई, कारण गरम तेल पातळ होऊन वाहते आणि तळाचा कीस आपल्याबरोबर घेऊन जाते. मग इंजिनाखाली परात सरकवून तळाचे बूच काढावयाचे. इंजिनाचे तेल वेगळे, क्लचच्या बाजूच्या साखळीपेटीचे वेगळे आणि गिअरपेटीतील वंगण वेगळे, हे नवख्याला प्रथमच कळे. तेल निथळेपर्यंत नमद्याचा फिल्टर धुऊन किंवा बदलून घ्यावयाचा. बूच परत लावताना त्याची चकती तपासावयाची आणि प्रथम बोटांनीच आटे धरवावयाचे. कारण ॲल्युमिनियमच्या पेटीत पोलादी बूच वाकडे शिरले, तर आटे जातात आणि पाच मिनिटांच्या कामाला पाच दिवस लागतात. पाना लांब आहे म्हणून सारा जोर लावावयाचा नसतो, हा धडा पुष्कळांनी याच बुचापाशी घेतला.

त्यानंतरची कामे इंजिन पुरते थंड झाल्यावरच होत. हेडचे नट एका बाजूने न आवळता समोरासमोर, थोडेथोडे आवळावयाचे, म्हणजे हेड वाकत नाही. टॅपेटचे झाकण उघडून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, आतली दांडी दोन बोटांत धरून पाहावयाची. ती बोटांनी फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. ठिणगीच्या पॉइंटमधील फट सुमारे 0.4 मिलिमीटर ठेवावयाची. त्यासाठी फीलर गेजचे पाते लागे, आणि ते नसेल तेथे सरावलेला डोळा. साखळी सर्वांत ताठ असेल त्या ठिकाणी तपासून तिला इंचभर ढील द्यावयाची. शेवटी चाक फिरवीत प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकेच टिचकी मारावयाची. ताणलेला आरा सतारीच्या तारेसारखा वाजतो, सैल आरा बद्द बोलतो. जावा आणि राजदूत या दोन आघाती इंजिनांच्या गाड्यांना टॅपेट नव्हते, पण तेथे पेट्रोलमध्ये तेल कालवण्याची जोखीम होती. साधारणपणे वीस ते पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, आणि गाडी नवी असेल तर तेल थोडे सढळ हाताने, हा पाठ मालकाला तोंडपाठ असावा लागे.

या रविवारच्या खटाटोपाला एक सामाजिक अर्थही होता. लेखणी धरणाऱ्याने हातोडी धरू नये, अशी समजूत येथील पांढरपेशा समाजात फार दिवस घट्ट होती. तिला पहिले धक्के देणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव घ्यावे लागते. मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत यांत्रिक रेखाकला शिकवणाऱ्या या शिक्षकाने बेळगावात सायकलींचे दुकान काढले. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ 1888 सालच्या त्या दुकानापासून मोजतात. सायकल विकणे, दुरुस्त करणे आणि चालवावयास शिकवणे यांतून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तेलकट हातांची लाज वाटली असती, तर यांतले काहीच झाले नसते. प्रत्येक मोटारसायकलवाला कारखानदार झाला नाही, हे खरेच. परंतु कचेरीतला कारकून किंवा शाळेतला मास्तर रविवारी बाह्या सारून गाडीशेजारी उकिडवा बसे, तेव्हा मिस्त्रीच्या कामाची किंमत त्याला कळे, आणि मुलांनाही ती न सांगता कळे.

या व्यवस्थेला वळण लागले ते 1980 नंतर. धारूहेड्याच्या कारखान्यातून 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 बाहेर पडली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. ती जाहिरात मुळात इंधनाच्या बचतीविषयी होती. पण विसरून जाण्याची सवलत लोकांनी साऱ्या गाडीलाच लागू केली. त्याच दशकात इंदूरजवळच्या पीथमपूरहून कायनेटिक होंडा ही गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी स्कूटर निघाली. तिच्यात तेल वेगळ्या टाकीतून आपोआप पेट्रोलला मिळे. हा बदल लहान नव्हता, आणि त्याचा उपकार मानलाच पाहिजे. किक मारून घोटा दुखावून घेण्याची ज्यांची इच्छा किंवा ताकद नव्हती, अशा असंख्य स्त्रियांना आणि वृद्धांना रस्ता मोकळा झाला. सिलिंडर आधीच इतके अचूक घासले जाऊ लागले, की डोंगरांची टोके कारखान्यातच उतरू लागली. ठिणगीचे पॉइंट जाऊन त्यांच्या जागी विद्युत्-मंडले आली. तेलेही सुधारली. पाचशे मैलांची सक्त तपश्चर्या सौम्य झाली, तशी पान्यांची गुंडाळीही बारीक होत गेली.

यंत्र विसरून जाण्यात माणूस काय गमावतो, हा प्रश्न याच्या दहा वर्षे आधी एका अमेरिकन लेखकाने मांडला होता. रॉबर्ट पर्सिग यांनी तरुणपणी काशी हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. आपल्या मुलासह 1968 मध्ये केलेल्या मोटारसायकल-प्रवासावर आधारलेले त्यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’ हे पुस्तक अनेक प्रकाशकांनी नाकारल्यानंतर 1974 साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. त्यातील निवेदक आपली होंडा स्वतः जपतो; त्याचा मित्र मात्र उत्तम जर्मन गाडी बाळगून तिच्या अंतरंगाकडे पाहण्यास नाखूष असतो. पर्सिग यांचा मुद्दा पैशाच्या बचतीचा नव्हता. ज्या वस्तूवर आपले जीवित अवलंबून आहे तिच्याविषयी बेफिकीर राहणे हा मनाचाच एक दोष आहे, आणि जिव्हाळ्याने केलेली दुरुस्ती करणाऱ्यालाही दुरुस्त करते, असे त्यांचे सांगणे होते.

भारतात एप्रिल 2020 पासून धुराचे सहावे मानक लागू झाले. त्यानंतरच्या नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी संगणकाने नियंत्रित केलेल्या इंधन-फवाऱ्याने घेतली. पेचकसाच्या एका वळणाने होणारे काम आता कंपनीचे उपकरण जोडल्याशिवाय होत नाही. हमीपत्रात ठरावीक सर्व्हिसा अधिकृत कार्यशाळेतच कराव्यात, अशी अट बहुधा असते. म्हणून दुरुस्तीचा अधिकार हा विषय आता कायद्याच्या दारात उभा आहे. विशिष्ट कंपनीचाच सुटा भाग किंवा सेवा घेण्याच्या सक्तीवर हमी अवलंबून ठेवता येणार नाही, असे बंधन अमेरिकेने 1975 च्या कायद्याने घातले. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये या प्रश्नासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात माहितीचे एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारी व दुचाकी वाहनांचाही अंतर्भाव आहे. विकत घेतलेली वस्तू उघडून पाहण्याचा हक्क मागावा लागेल, अशी कल्पना हातपंपाने तेल पाजणाऱ्या त्या पहिल्या स्वारांना स्वप्नातही आली नसती.

मात्र सर्वच हातचे गेलेले नाही. पहिले तेल आजही पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलावेच लागते. धातूने आपला स्वभाव सोडलेला नाही. ते काम हमीपत्रासाठी कार्यशाळेत होवो. उरलेली निगा मालकाला करता येते. टायर थंड असताना हवा मोजणे, तेलाची पातळी गाडी सरळ उभी करून पाहणे, क्लचच्या तारेची ढील राखणे, सैल झालेला नट हेरणे आणि साखळी स्वच्छ करून तिला जाड तेल देणे, यांना संगणक लागत नाही. साखळी साफ करताना इंजिन बंद असलेच पाहिजे. चालत्या साखळीने पुष्कळांची बोटे नेली आहेत. एका जुन्या सवयीला मात्र रजा द्यावी लागेल. काढलेले काळे तेल वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना फासत किंवा गटारात ओतत. ते माती आणि विहिरीचे पाणी नासवते, हे आता ठाऊक झाले आहे; म्हणून ते डब्यात भरून कार्यशाळेत किंवा अधिकृत संकलकाकडे देणेच योग्य.

गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलीवरून उतारू नेणारे जे व्यावसायिक आहेत, त्यांना तेथील लोक पायलट म्हणतात. त्यांची चूल गाडीच्या चाकावर चालते. म्हणून साखळीचा बदललेला आवाज त्यांच्या कानाला आधी कळतो आणि खिशाला मागून. ज्यांची उपजीविका गाडीवर नाही, त्यांचा जीव तर तिच्यावर असतोच. पहिल्या पाचशे मैलांत यंत्र आपल्या स्वाराला ओळखू लागते, असे जुने लोक म्हणत. धातूला ओळख नसते. ओळख पटते ती स्वाराला. तिचा निरोगी आवाज एकदा कानात बसला, म्हणजे पुढे वर्षांनंतर काही बिनसले तर ते त्याला घाटात अडकण्यापूर्वीच समजते. दुरुस्ती मग मिस्त्रीच्या हातून झाली तरी हरकत नाही. काय बिघडले आहे ते सांगता येणे आणि काय केले ते समजणे, इतके मालकाच्या हाती राहिले, तरी जवळजवळ दीडशे वर्षांच्या या विद्येचा धागा तुटला नाही असे म्हणता येईल.